खांबावरची झावळी

साहेब, आमच्या प्रवाळांवर नांगर टाकला तो तुम्हीच. परवा अंबोनच्या धक्क्यावर, बोटीच्या रांगेत, माझ्यापुढे दोघी मासेवाल्या बोलत होत्या. ऐका.

"योसिनाताई, समुद्रातल्या खांबाला झावळी बांधली नव्हतीस?"

"बांधली होती. झावळी म्हणजे तिथला समुद्र सगळ्यांना बंद, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

"साहेबांना नाही कळलं?"

"म्हणाले, स्वागताची सजावट छान केलीत."

"आणि नांगर?"

"त्याच खांबापाशी टाकला. आम्ही बायकांनी घरचं खाऊन, बुड्या मारून तिथे प्रवाळ लावले होते. सगळ्यांचा चुरा झाला."

"आले कशाला होते?"

"प्रवाळ वाचवा, असं भाषण करायला."

"तू काही बोलली नाहीस?"

"बोलले. मलाच शेजारी उभं करून फोटो काढला."

साहेब, झावळी ओलांडणाऱ्याला इथे गावापुढे उभं राहावं लागतं. तुम्ही कधी येताय?