फोटोतली नवरी

कोणीतरी धडधडीत खोटं लिहून ठेवलं, बापूजी, अन तेही अमेरिकेत — मी कोणाचं नाव घेत नाई, कारण लिहिणाऱ्यानं नाव टाकलंच नाई — या फोटोखाली लिहिलं आहे, ‘लग्नाची वरात’, अन पुढं तुमच्या गावाचं नाव. थांबा, उठू नका. कॉम्प्युटरवर फोटो वरून खाली हळूहळू उघडते. आत्ता नुसतं आभाळ दिसून राह्यलं, मग झाड येईल, मग माणसं. हो, मी लिहिलेलं नाटक ऐकवते म्हणून बोलावलं तुमाले वडस्याहून, नाटक कंपनीचे मालक तुमी, एसटीत धक्के खात आले, मले समजते. ऐकवते ना. पण आधी हे पाहा. कय्यूमचाचा, घर तुमचं, कॉम्प्युटर तुमचा, पण तेवढा फोन उचलू नका, तुमी उचलला का इंटरनेट तुटते.

झालं असं — नाटकात मले जुनी दंडार दाखवायची होती, तुमच्या तरुणपणातली. रातभर नाचगाणं, सोंगं, अन बायांची कामं पोरांनीच लुगडं नेसून करायची. पण तवा उजेड कशाचा होता, दागिने कशाचे, कोणाले विचारू? तुमाले विचारलं तर तुमी म्हणता, मी जन्मभर राजपार्टच केला, मुकुटाशिवाय स्टेजवर पाय नाई ठेवला. कॉलेजात सर म्हणाले, पुस्तकात नाई ते परीक्षेत नाई. अन आपल्याकडं कोणी एक फोटो जपला का? नाई जपला. तिकडच्या मोठ्या ग्रंथालयानं मात्र ढिगानं जुने फोटो इंटरनेटवर टाकले, फुकट, कोणीही पाहा, गडचिरोलीतल्या पोरीनंही पाहा. कोणी साहेब जंगल पाहायले आला असन, जाता-जाता फोटो काढून गेला. मले तर रागही येते अन नाचावंही वाटते, दोन्ही संगच.

हे पाहा, आंब्याची फांदी आली. अन ती गॅसबत्ती — म्हणजे माझ्या पहिल्या अंकातली मशाल गेली. आता पागोटी. त्याच्या खाली ढोलकीवाला येईल, वरातीत तो नवरीच्या खांद्याले खांदा लावून उभा राहीन का? नवरदेवानं वर उगारलेली तलवार लाकडाची आहे, हे आंधळ्यालेही दिसते. मी लगेच मेल ठोकला — ही वरात नाई, दंडार आहे, अन नवरी बाई नाई, बाप्या आहे. त्यांचं उत्तर आलं, सभ्य लोक आहेत, आभारी आहो, हा माणूस कोण हे माहीत असन तर कळवा. मी कळवणार होते — बरं, कळवलं. नाव लिहून टाकलं. रागावू नका. आता ते म्हणतात, त्या माणसाले विचारा, नाव लावायचं का. म्हणून तुमाले इथी आणलं.

तुमी नाई म्हटलं तर मी आजच लिहीन का माझी ओळखण्यात चूक झाली. अन नाटक फाडून टाकीन. कारण नाटक त्याच माणसाचं आहे — जो साऱ्यांले सांगते मी राजाच होतो, अन ज्याची लुगड्यातली चाल पाहायले पाच गावं यायची. हे मी मनानं रचलं. म्हणजे — अंजनाबाईनं सांगितलं, तुमच्याच घरी, तुमी आंघोळीले गेले तवा. लग्नाआधी तिनं तुमाले पहिल्यांदा लुगड्यातच पाह्यलं म्हणे, अन नजर हटली नाई. कौतुकानं सांगत होती, बापूजी. यात लाज कशाची? मले तर —

कपाळ आलं. भुवई आली. तुमच्या डाव्या भुवईत आहे ना, तीच चीर आली.

मान खाली नका घालू, स्क्रीनकडं पाहा. चष्मा वरच्या खिशात आहे. काय? चूक? कोणाची, अमेरिकेची? माझी? — नवरी नाई? मग कोण? राणी? तो नवरदेव नाई, तुमचा सेनापती आहे? म्हणजे इतका वेळ मी तुमाले नवरी-नवरी करून राह्यली, अन तुमाले राग त्याचा आला? लुगड्याचा नाई? हो, लिहिते, आत्ताच लिहिते, पूर्ण नाव, अन मोठ्या अक्षरात राणी. नाटक मग वाचू, तुमी आता बिलकुल बोलू नका, मले टाइप करू द्या. जमीलाचाची, कप इथीच ठेवा. काय विचारून राह्यल्या? मले नका विचारू, त्याइलेच विचारा.

“राणीसाहेब, चहात साखर किती टाकू?”