फक्त गरोदर बायका

उरणजवळच्या सरकारी दवाखान्यात प्राप्ती तान्ह्या लेकीला लस टोचायला घेऊन बसली होती. शेजारच्या बाकावर मिठागरावर काम करणारी काशीबाई आणि तिची पोटुशी सून क्रांती यांची कुजबुज चालली होती.

“तूच सांग डॉक्टरीणबाईंना, तुलाच होतंय म्हणून.”

“आई, अंग तुमचं बाहेर येतंय. मला तपासून काय दिसणार त्यांना?”

“मला लाज वाटते गो.”

“त्या लाजेत अकरा वर्षं काढलीत. खाली फडका बांधून मिठाच्या पाट्या उचलता. अहो सिस्टर, आमच्या सासूबाईंचं पण नाव लिहा.”

“आज तपासायला फक्त गरोदर बायका. त्यांना तालुक्याला न्या.”

“तिथले म्हणतात, आधी इथली चिठ्ठी आणा.”

“मग पुढच्या महिन्यात बघू.”

“ऐकलंस? पोटात पोर होतं तवा घरी येऊन न्यायच्या मला. वजन करायच्या, गोळ्या द्यायच्या. आता पिशवीच खाली आली, तर इचारणारं कोन न्हाय.”

“तुम्हाला घेत न्हाईत तर मी पण आत जात न्हाय.”

“येडी का काय तू? पोराचं बघून ये. जा!”

क्रांती डोळे पुसत आत गेली. सिस्टरनी काशीबाईकडं पाहिलं.

“मावशी, रिकाम्याच बसलाय ना? तो टॉनिकच्या बाटल्यांचा खोका जरा आत आणता?”

“आनते की.”

प्राप्ती ‘थांबा’ म्हणेपर्यंत काशीबाईनं पदर खोचून खोका डोक्यावर घेतलाही होता.

“बघा, या वयात काय ताकद आहे!” सिस्टर कौतुकानं म्हणाल्या.