द्राक्षरसाची पेली

भिंगारच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर नवरा-बायको नंबरची वाट बघत बसले होते. त्याच्या हातातला केसपेपर थरथरत होता.

"द्या इकडं तो कागद."

"डॉक्टर काय नवं सांगनार हाय? मागं म्हनले ना, दारूनं शिरा गेल्यात, सोडली तरी कापनं ऱ्हानार."

"चौदा महिने झाले, थेंब घेतला न्हाई तुमी."

"हे चर्चमधल्या लोकान्ला सांग. रविवारी प्रभुभोजनाला पेली हातात घेतली अन् निम्मा द्राक्षरस सदऱ्यावर सांडला. मागनं कुनीतरी म्हनलं, अब्राहाम सकाळीच घिऊन आलाय."

"मी ऐकलं."

"ऐकलंस, अन् गप बसलीस?"

"बसले. चुकलं माझं."

"पीत हुतो तवा बरं हुतं. सकाळी घोटभर घिऊन यायचो, हात दगडासारखा. पेली सरळ तोंडाला जायची. पाळकसायेब पाठीवर हात ठिवायचे."

"अहो, हळू बोला."

"या रविवारी मी येत न्हाई. तू जा."

"दोघंबी जायचं. पेली मी धरीन, तुमी निस्तं तोंड लावा."

"समद्यांच्या देखत?"

"व्हय."

"लोक काय म्हनतील, मरिया?"

"म्हनू द्या. बारा वर्सं तुमाला धरून मागल्या दारानं घरात घेतलं मी. आता एकदा सगळ्यांम्होरं धरू द्या."