‘बि’वर आपटलेला पाय

यातलं एक अक्षर तरी खरं मानून दाखव, लाव पैज! भूकंप होऊन गेल्यावर लातूरला आम्ही वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. नात इंग्रजीच्या क्लासला जायची. सर म्हणले, मोठा शब्द तोडायचा अन् जोर येईल तिथं पाय आपटायचा. घरी येऊन पोरगी ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ घोकाया लागली, "रिस्-पॉन्-सि-बि..." अन् ‘बि’वर धाडकन पाय!

खालून मालक वरडले, "भूकंप! पळा!" सारी गल्ली रस्त्यावर.

खरं कळल्यावर मालक लालबुंद होऊन वर आले. "खोली खाली करा, आत्ताच!"

नातीची परीक्षा तोंडावर.

म्या म्हणलं, "मालक, हाच शब्द तोडून, पाय न आपटता म्हणून दाखवा, लगेच निघतो."

"त्यात काय? रिस्-पॉन्-सि-बि..." धाडकन!

खालून त्यांचीच बायको वरडली, "भूकंप! पळा!" अन् सगळ्यात आधी मालकच जिन्यावरून पळाले.

खोली ऱ्हायली आमची. हसतो काय? जा आता घरी!