चौकशीला आलेली माणसं

चंपा: नाय, मी त्यांना उठवायची नाय. बायपास होऊन घरी आलेत, अजून धड चालवत नाय. तू ओटीवरच बस. संघाचं काय असेल तं नंतर.

आम्रपाली: संघाचं काही नाही काकी. महेंद्र गुरुजींना बघायला आले. झोपू देत त्यांना.

चंपा: सगळे असंच बोलतात आणि जाताना बदलीचा विषय काढतात. शिक्षक संघाचे अध्यक्ष! रविवार आला की ह्यांची सभा. माझ्या भाच्याचा जयगडला साखरपुडा होता, रविवार पण नव्हता, तरी आले नाय. भावजय सगळ्यांदेखत म्हणाली, "भावोजींना आमची लाज वाटते काय?"

आम्रपाली: कधीची गोष्ट?

चंपा: दोन पावसाळे झाले. गौरी-गणपती गेले, त्याच्या तिसऱ्या दिवशी.

आम्रपाली: काकी... त्या दिवशी रत्नागिरीला माझी चौकशी होती. गुरुजी तिथे होते.

चंपा: कसली चौकशी?

आम्रपाली: तुम्हाला काहीच बोलले नाहीत?

चंपा: "काम होतं" म्हणाले. ह्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे!

आम्रपाली: माझ्या शाळेचे वासे वाळवीने खाल्ले होते. आसपासच्या शाळांची दर महिन्याला साहेबांपुढे सभा व्हायची, तिथे मी सांगायचे, तर साहेब "बघू" म्हणायचे. एका दुपारी वर्ग चालू असताना कौलं खाली आली. समीक्षा म्हणून तिसरीतली पोर, तिच्या डोक्याला मोठी खोक पडली.

चंपा: अगो बाय! वाचली ना?

आम्रपाली: वाचली. पण गाव चिडलं, शाळेला टाळं ठोकलं. आणि मी निलंबित. म्हणे, बाईंनी धोका कळवलाच नाही. मी दार लावून घरात बसले. शेजारणीसुद्धा बोलेनात. संध्याकाळी दार वाजलं, बघते तर गुरुजी. मला वाटलं, आता कागदपत्रं मागतील. तर म्हणाले, "चला, आधी मुलीला बघून येऊ."

चंपा: दवाखान्यात?

आम्रपाली: हो. माझं जायचं धाडस होत नव्हतं. तिची आई, मथुरा, मला वाट्टेल ते बोलली. गुरुजींनी मध्ये तोंड घातलं नाही. ती बोलून दमली, रडायला लागली, तेव्हा म्हणाले, "ताई, त्याच छपराखाली ह्या बाईपण बसत होत्या." मग तिने मला समीक्षाजवळ बसू दिलं.

चंपा: असंच बोलतात ते. थोडकं.

आम्रपाली: चौकशीत साहेब म्हणाले, छपराबद्दल सभेत कुणी बोललंच नव्हतं. माझ्या एकटीचं कोण ऐकणार? गुरुजी उठले आणि त्यांनी दार उघडलं. बाहेर व्हरांड्यात आमच्या आसपासच्या सगळ्या शाळांचे शिक्षक. रजा टाकून आलेले. एकेक जण आत येऊन सांगायला लागला, "बाई बोलल्या होत्या, मी तिथे होतो. आमचंही छप्पर तसंच आहे." साहेब म्हणाले, तुमच्यावरही कारवाई होईल.

चंपा: मग पळाले असतील.

आम्रपाली: एकही हलला नाही. खाडीपलीकडच्या एक बाई तर निवृत्तीला आलेल्या, पेन्शन अडकली असती त्यांची. त्या म्हणाल्या, "साहेब, माझं नाव आधी लिहा." मला तिथेच रडू फुटलं. त्यातल्या कितीतरी जणांशी मी आयुष्यात बोलले नव्हते हो.

चंपा: आणि हे?

आम्रपाली: माझ्या शेजारी बसून. पाण्याचा पेला तेवढा माझ्याजवळ ठेवला. दिवाळीआधी मला परत घेतलं. पुढच्या पावसाच्या आत सगळ्या शाळांची छपरं झाली. मी पेढे घेऊन संघाच्या ऑफिसात गेले, तर माझ्यावरच चिडले! "माझे कसले आभार? मी एकटा गेलो असतो तर शिपायानं आत सोडलं नसतं."

चंपा: ती पोर कशी हाय आता?

आम्रपाली: खो-खोत कुणाला सापडत नाही. तिची आईच म्हणाली, गुरुजींना बघून या.

चंपा: आणि मी? आठवडाभर बोलले नव्हते त्यांच्याशी. सांगितलं असतं तं...

आम्रपाली: तर?

चंपा: तं मी पण जयगडला गेले नसते. त्या व्हरांड्यात येऊन उभी राहिले असते.

महेंद्र: (आतून) चंपा, कोण आलंय गो?

चंपा: आपलं माणूस आलंय. तुम्ही पडा निवांत. मी बसलेय तिच्याजवळ.