कासारांच्या भिंतीतला जिना

ऐका. लाइट यायला अजून अवकाश आहे, तोवर सांगते. समोरचं कासारांचं घर दिसतंय ना, त्यातले दत्तूअण्णा एकदा अंधार पडल्यावर प्रवासाला निघाले. घराबाहेर पाऊल न टाकता. आणि पोहोचतील की नाही अशी वेळ आली.

आधी घर समजून घ्या. जोतं काळ्या दगडाचं, वर भिंती दोन-दोन हात जाड. अण्णांचे पणजोबा तांब्यापितळेचे व्यापारी. माल माडीवर, म्हणून चोरांची धास्ती. त्यांनी जिनाच भिंतीच्या पोटात घेतला. इतका अरुंद की एका वेळी एकच माणूस चढणार, तोही वाकून. कोपऱ्यावर एक वळण घेतलं की आली माडी. तळाशी बसायच्या सोनाआत्या, अण्णांच्या वडिलांची बहीण. "कोण? कुणाकडे?" उत्तर दिल्याशिवाय वर सोडायच्या नाहीत. माझ्या सासऱ्यांनाही नाही.

आत्या गेल्या. मग वाटणी झाली. खालचं घर थोरल्या दत्तूअण्णांना, माडी धाकट्या मुरारीला. मुरारीनं बाहेरून लोखंडी जिना लावला, अण्णांनी भिंतीतल्या जिन्याचं वरचं तोंड विटांनी बुजवलं. बोलणं बंद. एकमेकांचं नावसुद्धा घेईनात. 'वरचे' आणि 'खालचे'. माझ्याकडे दोघंही चहाला यायचे, पण एक उठून गेल्यावर दुसरा.

त्या संध्याकाळी माडीवर धप्पकन काहीतरी पडलं. मागोमाग कण्हणं. मुरारीची बायको माहेरी गेलेली. लोखंडी जिन्यावरच्या दाराला आतून कडी, दार सागवानी. अण्णांनी खांदा देऊन पाहिला, हललं नाही. त्यांच्या शेवंताबाई म्हणाल्या, "अहो, भिंतीतून जा. विटाच तर आहेत."

अण्णांनी पहार घेतली, बॅटरी घेतली, शिरले.

बरं का, दोन पायऱ्या चढले नि बॅटरी विझली. असू दे, घरचाच जिना. तेवढ्यात कानाशी कुणी हळूच विचारलं, "कोण? कुणाकडे?"

आवाज ओळखीचा. सवयीनं तोंडून गेलं, "मी दत्तू. वरच्यांकडे."

वळण आलं. चढले. पुन्हा वळण आलं. आता तुम्हीच सांगा, या जिन्याला दुसरं वळण कुठून आलं?

"कुणाकडे?"

"माडीवर जातोय, आत्या."

पुन्हा वळण. भिंती जवळ जवळ यायला लागल्या, खांदे घासायला लागले. मागे फिरावं तर पायाखाली पायरीच लागेना. हातातली पहार कुणीतरी अलगद ओढायला लागलं, लहान पोराच्या हातातली सुरी काढून घ्यावी तशी. आणि मुरारीचं कण्हणं? ते बारीक बारीक होत गेलं, आणि थांबलं.

ते थांबलं तसे अण्णा मटकन खाली बसले. रडायलाच लागले. "मुरारीकडं गं आत्या. माझ्या मुरारीकडं. जाऊ दे मला."

पहारीवरची ओढ सुटली. उठायला गेले तर डोकं विटांवर आपटलं.

मुरारी वाचला. डोक्याला टाके पडले, पण वाचला. विटा परत कुणी लावल्या नाहीत. खोटं कशाला सांगू, वाटणीचा दावा कोर्टात अजून चालू आहे. दोघं नावानं हाक मारतात एकमेकांना, तेवढंच.

तुम्ही मात्र त्या जिन्यानं जायचं नाही. चेंडू गेला तर गेला. दिवसाही नाही.

मला काही राहवेना, एकदा विचारलंच. म्हटलं, "अण्णा, ते नाव तोंडातून आलंच नसतं तर?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "तर अजून चढत असतो, वहिनी."