भिंतीपलीकडची टकटक

सासूबाई : ते गिऱ्हाईक अजून घरातून निघालेलंही नाही. आत्तापासून पियानोला चादरीत कशाला गुंडाळतेस? त्याला काय थंडी वाजतेय?

सून : धूळ बसते, आई.

सासूबाई : तीन वर्षांत बसली नाही ती आज दुपारी बसणार. बरं, एकदाच विचारते, मग गप्प बसते. का विकतेस?

सून : सांगितलं की. वेळ होत नाही.

सासूबाई : पियानोच्या परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत होत होता. लॅबमधून आलीस, हातपाय धुतलेस की इथे. परीक्षा देऊन आलीस आणि वेळ संपला.

सून : एकदाच विचारणार होतात ना?

सासूबाई : हे विचारलं नाही, सांगितलं.

सून : मी मध्येच थांबले, आई. परीक्षेत. पुन्हा सुरू केलं, तर पुन्हा तिथेच. मग उठले, सॉरी म्हटलं आणि बाहेर आले. झालं समाधान?

सासूबाई : कुठे थांबलीस? डाव्या हाताची पळापळ बंद होते आणि उजवा एकटाच पुढे जातो, तिथे?

सून : तुम्हाला कसं माहीत?

सासूबाई : रोज तिथेच अडखळतेस.

सून : पण मी तर कायम हेडफोन लावून वाजवते. हा विजेवरचा पियानो आहे, बाहेर आवाजच येत नाही.

सासूबाई : सूर येत नाही. पट्ट्यांची टकटक येते. तुझा पियानो इकडे, माझी कॉट तिकडे, मध्ये ही नावापुरती भिंत. आणि मी जन्मभर टायपिंगचा क्लास घेतलाय. सगळी मशीनं एकदम चालू असायची आणि मी पाठमोरी उभी राहून सांगायचे, ए कोपऱ्यातली, तुझी करंगळी आळस करतेय. तुझा डावा हात जरा जड आहे, म्हणून वेगळा कळतो.

सून : म्हणजे तीन वर्षं तुम्ही माझी एकेक चूक ऐकलीत.

सासूबाई : मग? दुसरं होतं काय ऐकायला?

सून : देवा.

सासूबाई : तोंड कशाला झाकतेस?

सून : अहो, चुका कुणाच्या कानावर पडू नयेत म्हणून तर हेडफोन. दिवसभर रक्ताच्या नमुन्यांवर डोळे लावून बसते मी. तिथे एक आकडा चुकला तर कुणाला तरी भलतंच औषध जाईल. वाटायचं, घरी आल्यावर तरी कुणाच्या नकळत चुकावं. आणि झालं काय, तर सूर तेवढे मी ठेवून घेतले आणि चुका सगळ्या तुमच्याकडे पाठवल्या.

सासूबाई : वर हसतेस.

सून : मग काय करू? लपवायला काही उरलंच नाही.

सासूबाई : मला एक सांग. ती परीक्षा घाल चुलीत. तुला वाजवायला आवडतं का?

सून : खूप. म्हणजे, कसं सांगू... हा जो तुकडा आहे ना, तो दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी एकट्याने बसून लिहिला. आणि तो हातमोज्यांत दिवसभर पांढऱ्या पडलेल्या माझ्या या बोटांतून निघतो. तेवढा वेळ मला कुणालाही उत्तर द्यायचं नसतं. जिवाला इतकं बरं वाटतं की उठवत नाही.

सासूबाई : मग परीक्षेला कशाला गेलीस मरायला?

सून : जो तो विचारतो, कितव्या परीक्षेपर्यंत आलीस. नुसतं आवडतं म्हणून एवढं धूड घरात ठेवायचं, तर दाखवायला काहीतरी नको?

सासूबाई : तुझ्या सासऱ्यांनी मरेपर्यंत माशांची पेटी ठेवली घरात. कुठल्या माशाने परीक्षा दिली?

सून : आई, तुम्ही पण ना.

सासूबाई : हसू नकोस, ऐक. तू परीक्षेहून परत आलीस त्या दिवसापासून ही भिंत मुकी झालीये. संध्याकाळी कॉटवर पडते आणि वाट बघत राहते. मला करमत नाही. आणि आज तो माणूस हे उचलून नेईल, मग मी एवढी वर्षं जे ऐकलं ते मुळात होतं काय, ते मला कधी कळणारच नाही.

सून : ... चादर काढू?

सासूबाई : काढ. आणि ते कानाचं लावायचं नाही.

सून : मी तिथे अडखळणार हं.

सासूबाई : अडखळ. मला ओळखीची एक तरी जागा नको का?

(सून वाजवते. मध्ये एकदा अडखळते. शेवटपर्यंत वाजवते.)

सासूबाई : असं होतं होय ते.

सून : अडखळले, बघितलंत?

सासूबाई : बघितलं. उठली नाहीस.

सून : हो की. माझ्या लक्षातच आलं नाही.

सासूबाई : किती हळुवार आहे गं हे. आणि मी समजत होते, रोज आल्या आल्या माझ्यावरचा राग त्या पट्ट्यांवर काढतेस.

सून : तुमच्यावरचा राग? तीन वर्षं?

सासूबाई : टकटक तशीच यायची. मी कितीदा आठवून बघायचे, आज आपण हिला काय बोललो.

सून : काहीतरीच तुमचं. मला विचारायचंत तरी.

सासूबाई : आणि तू हो म्हणाली असतीस तर?

सून : थांबा, फोन. पियानो घेणाऱ्यांचाच आहे. टेम्पो मिळालाय, निघू का विचारताहेत. काय सांगू?

सासूबाई : माफी माग आणि सांग, घरात ऐकणारं माणूस निघालं.

सून : आणि मग?

सासूबाई : मग पुन्हा पहिल्यापासून वाजव. मी कॉटवर पडते. दार तेवढं उघडं ठेव.